सिस्टरचा शनिवारचा कागद

"हे तुझं आहे की दुसऱ्याचं?"

कुणी काही सांगायला तोंड उघडलं की सिस्टर आधी हे विचारायच्या. हातातली मेथीची जुडी तशीच धरून, चष्मा कपाळावर सरकवून, सरळ डोळ्यांत बघून. आपण म्हणावं, "दुसऱ्याचं आहे, पण ऐका तर खरं," की चष्मा परत नाकावर यायचा आणि मेथी निवडणं सुरू. "मग तिथंच ठेव बाई. माझंच मला पुष्कळ आहे."

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, ज्यांच्याजवळ बसलं की आपली जीभ आपोआप आवरते. पण सिस्टर काही गप्प बसणाऱ्या नव्हत्या हं. बोलायला त्यांना फार आवडायचं, आणि लिहायला त्याहून जास्त. फक्त दुसऱ्याचं नको.

ही गोष्ट नगरची, चर्चच्या मागच्या गल्लीतली. नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं धरा. मी तेव्हा मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला होते. आमचे हे ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सिस्टर गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकट्या राहायच्या. दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, लग्न केलेलं नव्हतं. नाव होतं त्यांना चांगलं, पण ते फक्त रेशनकार्डावर. पाळकसाहेबांपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे सिस्टरच म्हणायचे.

आणि एक सांगते. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. कोण सातव्या महिन्यात झालं, कोण सातव्या महिन्यात झालं असं नुसतं सांगितलं, कुणाच्या नवऱ्यानं बाळंतिणीला बघायला यायला पंधरा दिवस लावले, सगळं त्यांना माहीत. अशा बाईनं लिहायला घेतलं तर गल्लीला घाम फुटेल की नाही? आणि त्यांनी घेतलं.

दर शनिवारी दुपारची भाकरी खाऊन झाली की त्या भिंतीला टेकून बसायच्या, मांडीवर लाकडी फळी, फळीवर एक फुलस्केप कागद, त्याखाली दोन कार्बन. बॉलपेन एवढं दाबून लिहायच्या की अंगठा पांढरा पडायचा. शेवटची प्रत उमटली पाहिजे ना. वर मोठ्या अक्षरांत 'माझा आठवडा', आणि खाली त्या आठवड्यात त्यांच्या मनात काय काय झालं ते. पहिली प्रत चर्चच्या फाटकाजवळच्या फळ्यावर. दुसरी दवाखान्यात, बाहेरच्या बाकावरच्या भिंतीला. तिसरी, सगळ्यात फिकी, तात्याच्या पिठाच्या गिरणीत, खिळ्याला.

पाळकसाहेबांना सुरुवातीला ते काही पटलं नव्हतं. म्हणाले, "सिस्टर, एखादं वचन लिहीत जा. लोकांना उपयोग होईल."

"वचन तुम्ही दर रविवारी सांगताच की, साहेब. ते ऐकून माझं सोमवारी काय होतं, ते मी लिहिते."

साहेब हसले. फळ्याच्या एका कोपऱ्यात जागा मिळाली.

झेरॉक्सचं दुकान तेव्हा नवीन झालं होतं. कुणीतरी म्हणालं, सिस्टर, कशाला अंगठा दुखवता, पन्नास प्रती काढून देतो. त्या नको म्हणाल्या. "पन्नास झाले की ते वर्तमानपत्र होईल. वर्तमानपत्राला बातमी लागते. मला तीन पुरेत."

परवा नातीला हे सांगत होते तर ती म्हणाली, "आजी, म्हणजे सिस्टर ब्लॉग लिहायच्या की." मी म्हटलं, तसं म्हण. पण तुमचं ते बोट लावलं की पुसलं जातं. सिस्टरचं तीन कागदांवर दाबून उमटलेलं असायचं. लिहिलं ते लिहिलं.

काय असायचं त्यात? मला अजून पाठ आहे काही काही. 'गुरुवारी एसटीत बसायला जागा मिळावी म्हणून मी गुडघा दुखतो असं सांगितलं. गुडघा बुधवारी दुखत होता.' एवढंच. खाली उपदेश नाही, देवाचं नाव घेऊन रडणं नाही. दुसऱ्या आठवड्यात: 'दुधात पाणी आहे म्हणून गवळ्याला बोलले. नंतर आठवलं, पातेलं मीच विसळून तसंच ठेवलं होतं. त्याच्या घरी जाऊन आले. चहा दिला त्यानं. दूध चांगलं होतं.'

एकदा ईस्टरच्या आठवड्यात लिहिलं होतं की चर्चमधल्या एका बहिणीची मोरपंखी साडी बघून माझं गाण्यात लक्ष लागलं नाही, मी तिचा हेवा केला. आता हा कागद शनिवारी लागला, पण शुक्रवारीच सिस्टर त्या बाईच्या घरी जाऊन तिला कच्चं लिहिलेलं वाचून दाखवून आल्या होत्या. हा त्यांचा नेम. कागदावर कुणाची नुसती सावली जरी पडत असली तरी आधी त्या माणसाला वाचून दाखवायचं. त्यानं नको म्हटलं की खोडायचं. ती बाई काय नको म्हणते? ती म्हणाली, "सिस्टर, माझं नाव घाला की. आणि साडी कापडबाजारातून घेतली तेपण घाला."

"तुझं नाव घातलं तर ती माझी चूक राहणार नाही," सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या साडीची जाहिरात होईल."

कागदाच्या खाली त्या चार बोटं जागा कोरी सोडायच्या आणि शेजारी सुतळीनं पेन्सिल बांधलेली असायची. ज्याला काही म्हणायचं त्यानं म्हणावं. लोक काय, सोडतात का? एकानं लिहिलं, 'तुमचा रेडिओ पहाटे साडेपाचला बोंबलतो, त्याचाही पश्चात्ताप करा.' पुढच्या शनिवारी उत्तर आलं: 'रेडिओ आता सहाला लागतो. साडेपाच ते सहा मी चिडलेली असते. ते माझं मी बघून घेईन.'

माझं शिक्षण मिरजगावला चौथीपर्यंत. पुढं चूल. अक्षर जोडून वाचायची सवय मला त्या गिरणीतल्या फिक्या कागदानं लावली. ज्वारी दळून होईपर्यंत दुसरं काय करणार? आधी एक ओळ लागायची, मग दोन, मग सगळा कागद. तात्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. तो सिस्टरना म्हणायचा, "तुमचा कागद लागल्यापासून बाया दळण झालं तरी हालंनात. लई गर्दी करत्यात."

"मग काढून टाकू का, तात्या?"

"काढू नका. मला कुनीतरी वाचून दावतंय, तेवढंच हाय."

मात्र एकदा एक ओळ अशी आली की सिस्टर हबकल्या. कुणीतरी सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'लोकांना दाखवायला पश्चात्ताप कशाला करता?'

दोन शनिवार कागद लागलाच नाही. त्या माझ्याकडे येऊन शेंगा सोलत बसायच्या. मी म्हटलं, मनावर घेऊ नका, कुणी टवाळ असेल. तर म्हणाल्या, "अगं करुणाची आई, टवाळ नाही. बरोबर लिहिलंय त्यानं. सोमवारपासून मी मनात वाक्यं जुळवत असते. परवा तर चूक करता करताच वाटलं, ही शनिवारला बरी आहे."

"मग बंद करा की."

"केलं ना दोन आठवडे. आता बंद केल्याबद्दल कुणीतरी कौतुक करावं असं वाटायला लागलंय."

तिसऱ्या शनिवारी हे सगळं जसंच्या तसं कागदावर आलं. आणि खाली एक ओळ: 'यापुढे माझ्या हातून काही चांगलं झालं तर ते इथे येणार नाही.' ते त्यांनी पाळलं. त्यामुळे त्या आजाऱ्यांच्या घरी जाऊन काय काय करायच्या ते आम्हाला कधी वाचायला मिळालं नाही. नंतर, त्यांना पोचवायला आलेल्या माणसांकडून कळलं.

आता मी माझ्याकडे येते.

करुणा माझी एकुलती एक मुलगी. सतरा वर्षांची असताना तिला फिट आली, अंगणात, कपडे वाळत घालताना. शेजारच्या बाया चप्पल हुंगवायला धावल्या, कुणी कांदा फोडला. सिस्टर आल्या त्या आधी सगळ्यांना बाजूला सारून, पोरीला कुशीवर वळवून बसल्या. "चप्पल पायात घाला आपापल्या," एवढंच बोलल्या. तीन महिन्यांनी परत एकदा आली. मग डॉक्टर, तपासण्या, गोळी सुरू झाली आणि फिट थांबली. चार वर्षांत एकदाही नाही. करुणा बारावी झाली, बालवाडीवर लागली. गल्लीत ज्यांनी पाहिलं होतं तेही विसरून गेले, असं मी धरून चालले होते.

श्रीगोंद्याचं स्थळ आलं. आपल्यातलंच घर, मुलगा साखर कारखान्यात फिटर, शांत. मुलगी पसंत पडली, साखरपुड्याचा दिवस ठरला. सिस्टरना आनंदानं सांगायला गेले तर त्यांनी आधी विचारलं, "त्यांना गोळीचं सांगितलंस?"

"सांगू की."

"कधी?"

"साखरपुडा तर होऊ द्या."

"साखरपुड्यानंतर तीन रविवार चर्चमध्ये पुकारतील, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. तेव्हा तू कुठं बघशील? आधीच सांग. चांगली माणसं दिसतात, समजून घेतील."

"आणि नाही घेतलं तर?"

मग मी बोलू नये ते बोलले. "तुम्हाला मुलगी असती, सिस्टर, म्हणजे कळलं असतं."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. पुन्हा घातला. "बरं," म्हणाल्या. मी उठून आले.

पुढच्या सोमवारी मी गिरणीत गेले. आत पाय ठेवला आणि बाया बोलायच्या थांबल्या. मला वाटलं, माझ्या पदराला काही लागलंय. मग मी नेहमीसारखी कागदापाशी गेले. वरचं काहीतरी साधं होतं, पाण्याच्या नळावरचं भांडण. आणि खाली, कोऱ्या जागेच्या वर, त्यांच्या अक्षरात: 'प्रार्थनेची विनंती. आपल्यातल्या एका आईसाठी प्रार्थना करा. मुलीच्या दुखण्याविषयी मुलाकडच्यांना खरं सांगण्याचं धैर्य तिला मिळो.'

मी ते तीन वेळा वाचलं. माझं वाचन हळू, त्यामुळे तो घाव तिन्ही वेळा सावकाश लागला.

नाव नव्हतं हो. पण त्या महिन्यात गल्लीत लग्न एकच ठरलेलं. आणि मुलाची सख्खी मावशी आमच्या मागच्याच गल्लीत, तिचं दळण याच गिरणीत. तात्या म्हणाला, "ती सकाळीच येऊन गेली, ताई." आणि खाली बघून पट्ट्याला हात लावत बसला.

आमच्या लोकांत ही एक वाट आहे, तुम्हाला म्हणून सांगते. एखाद्याचं गुपित चहाडी म्हणून सांगितलं तर लाज वाटते. तेच प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलं की लोक डोळे मिटून, मान खाली घालून ऐकतात, आणि आमेन म्हणून घरी जाऊन सांगतात. मी स्वतः केलंय ते, एक-दोनदा नाही. सिस्टरनी कधी केलं नव्हतं. आणि त्या शुक्रवारी त्या मला वाचून दाखवायला आल्या नव्हत्या.

बुधवारी श्रीगोंद्याहून निरोप आला, साखरपुडा जरा पुढं ढकलू.

त्याच संध्याकाळी सिस्टर दारात आल्या. तिन्ही कागद काढून आणले होते, हातात घडी होती. मी उंबऱ्यात उभी राहिले, त्यांना आत येऊ दिलं नाही.

"चुकलं माझं, करुणाची आई."

"चुकलं? पोरीचं वाटोळं केलंत तुम्ही."

"शनिवारी माफी लिहिते. तिन्ही ठिकाणी लावते."

"अजून लिहिणार? एकदा लिहून पोट भरलं नाही का?"

करुणा आतून पीठ मळता मळता आली, तसेच हात घेऊन. मला म्हणाली, "आई, सरक." मग सिस्टरना म्हणाली, "तुम्ही चुकलात."

"हो."

"आईपण चुकली."

मी म्हटलं, "मी काय केलं? तुझ्यासाठीच ना?"

"तू लपवायचं ठरवलंस. यांनी सांगायचं ठरवलं. मला कुणी विचारलं? दुखणं माझं आहे ना?"

माझी पोर कधी आवाज चढवून बोलत नाही. तेव्हाही चढवला नव्हता.

सिस्टर म्हणाल्या, "बाळा, निदान माफी तरी लिहू दे."

"नको. माफी लावली की ज्यांनी वाचलं नाही तेही विचारतील काय झालं म्हणून. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहाल. मला नाही बरं वाटणार. याच्यावर तुम्ही एक अक्षर लिहायचं नाही." थोडं थांबून म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर श्रीगोंद्याला चला. बोलणार मी. गोळ्यांचं काही विचारलं तर तेवढं तुम्ही सांगा."

गेलो आम्ही तिघी. एसटीत मी मुद्दाम मागच्या बाकावर बसले, सिस्टरपासून लांब. रस्त्यानं दोन्हीकडे ऊस, मला काही दिसत नव्हता.

त्या लोकांनी चांगलं बसवलं, चहा दिला. करुणानं कप खाली ठेवला आणि सांगितलं. कधी आली, किती वेळा आली, गोळी कुठली, किती वर्षं झाली. जशी बालवाडीतल्या पोरांना गोष्ट सांगते तशी, सरळ. मुलगा जमिनीकडे बघत होता. त्याच्या वडलांनी विचारलं, "लेकरास्नी व्हतं का हे?"

मी सिस्टरकडे बघितलं. एक नाही म्हणा, एवढंच मनात. त्या म्हणाल्या, "बहुतेक वेळा नाही होत. पण होणारच नाही, असं मी सांगणार नाही."

म्हातारा बराच वेळ सुपारी कातरत होता. "पोरगी धाडसाची हाय," म्हणाला. "आमाला राग न्हाई. पर इचार करावा लागंल."

आठ दिवसांनी नकार आला. गोड शब्दांत होता, पण नकारच.

मी सिस्टरशी बोलणं टाकलं. समोरून आल्या की मी नळाकडे वळायची. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर बसायची ती दुसऱ्या बाजूला बसायला लागले. पहिल्या शनिवारी मला वाटलं, आता कागद लागणार नाही. पण लागला. वर 'माझा आठवडा', आणि खाली काही नाही. पूर्ण कोरा. शेजारी पेन्सिल.

मला आधी राग आला, हे कसलं नाटक म्हणून. नंतर कळलं. करुणानं त्यावर लिहू नका म्हणून सांगितलेलं, आणि ते सोडून त्या आठवड्यात त्यांच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. खोटं काही लिहून जागा भरायची, ते त्यांना जमेना. कागद न लावावा तर लोकांची बोलायची जागा जाते. लोकांना बोलू द्यायचं होतं ना त्यांना.

आणि लोक बोलले. सगळा कागदच कोरा, मग काय. 'लग्न मोडणारी बाई.' 'आता का मुकी झाली?' 'देवाच्या नावावर चुगली.' दर शनिवारी त्या जुना कागद काढायच्या, उभ्यानं वाचायच्या, घडी घालून पिशवीत ठेवायच्या आणि नवा कोरा लावायच्या. तात्यानं मला एकदा विचारलं, "ताई, म्हातारीला लई बोलत्यात. उत्तर का देत न्हाई ती?"

मी म्हटलं, मला काय माहीत. माहीत होतं.

असे दोन महिने गेले. मग एका सोमवारी कागदावर एक नवी ओळ दिसली. माझ्या बाजूच्या कुणीतरी, माझ्याच मायेपोटी लिहिली असेल: 'पोरीला काहीही झालेलं नाही. सिस्टरनं खोटं लिहिलं.'

मी दळणाचा डबा घेऊन उभी. बाया माझ्याकडे बघून माना हलवत होत्या, बरं झालं, कुणीतरी बोललं म्हणून. एक म्हणाली, "म्हातारपणी बुद्धी फिरते माणसाची." आणि मी त्यावर, खरं सांगते, हूं म्हटलं.

घरापर्यंत ते हूं माझ्याबरोबर आलं. सिस्टरच्या हातून चूक झाली होती, पण खोटं? चार वर्षांपूर्वी माझ्या अंगणात माझ्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली बाई, तिला मी खोटारडी म्हणू देत होते. त्यांना एका ओळीत उत्तर देता आलं असतं. शब्द दिला म्हणून त्या गप्प होत्या. मला कुणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं.

करुणा वह्या तपासत होती. मी विचारलं, "गिरणीतल्या कागदावर मी लिहू का काही?"

तिनं वर न बघता विचारलं, "काय?"

मी सांगितलं.

"तुझं आहे तेवढं लिही," म्हणाली. "बाकी ज्याचं त्याला."

दुसऱ्या दिवशी गेले. चार माणसांत कधी सही सोडून काही लिहिलं नव्हतं मी. पेन्सिल आखूड, सुतळी त्याहून आखूड, भिंतीला कान लावल्यासारखं उभं राहावं लागत होतं. तात्यानं पट्टा थांबवला. सगळी गिरणी गप्प आणि मी एकेक अक्षर काढते आहे. 'सिस्टरनी खोटं लिहिलं नाही. मुलीचं दुखणं मी लपवलं होतं. चूक माझी.' आणि खाली माझं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. तात्यानं एका पोरीला विचारलं, "काय लिवलं गं?" तिनं मोठ्यानं वाचलं. त्यानं मान हलवली आणि पट्टा चालू केला.

शनिवारी संध्याकाळी सिस्टर आल्या. उंबऱ्याबाहेरच थांबल्या. मी पाट टाकला तेव्हा आत आल्या.

"माझी बाजू कशाला घेतलीस?" म्हणाल्या. "तुझी चूक लिहायची होती तर तेवढीच लिहायची."

"तुम्हाला खोटं म्हणताना मी हूं म्हटलं होतं, सिस्टर. तेपण माझंच होतं."

त्यांनी पाटावर बसून पदर सावरला. मग म्हणाल्या, "तू म्हणाली होतीस ना, तुम्हाला मुलगी असती म्हणजे कळलं असतं. मला लागलं होतं ते. त्या शनिवारी ती ओळ लिहिताना पेन एवढं दाबलं की कागद फाटला थोडा. प्रार्थना करताना कुणी एवढं दाबत नाही."

मी भाकऱ्या टाकल्या. पिठलं होतं. जेवून गेल्या. माफी तिनंही मागितली नाही परत आणि मीही नाही. तिनं म्हटलं का मी? लिहिता लिहिता 'तिनं' आलं बघा. त्या दिवसापासून मनात तेच येतं.

पुढं कागद पुन्हा सुरू झाला. आधीसारखाच, गुडघा आणि गवळी. प्रार्थनेची विनंती मात्र नेहमी एकच असायची: 'माझ्यासाठी प्रार्थना करा.' कशासाठी ते नाही.

हे सगळं तुमच्यापुढं मांडते आहे तर तुम्ही म्हणाल, मग तू हे काय करते आहेस? बरोबर आहे. नात मोबाईलवर घालणार म्हणते. म्हणून लिहून झाल्यावर आधी करुणाला वाचायला दिलं. तिनं दोन ठिकाणी काट मारली. काय होतं ते विचारू नका. एका ठिकाणी मला वाईट वाटलं, चांगलं जमलं होतं ते. सिस्टरना कुठून विचारणार? म्हणून त्यांचं नाव घातलं नाही. आणि त्यांच्याबद्दल जे फक्त त्यांचं होतं, ते मलाही थोडं माहीत आहे, ते इथं नाही.

दुसऱ्या वर्षी थंडीत त्यांची छाती भरली. ज्या दवाखान्यात आयुष्य गेलं तिथंच तीन दिवस होत्या. पोचवायला एवढी माणसं आली की फाटकाबाहेर रस्ता थांबला. कितीतरी मला अनोळखी. वाड्यावस्त्यांवरची माणसं होती, कुणी म्हणे आमच्या आईचं अंग पुसायला यायच्या, कुणी म्हणे बिगारीवर गेलो की लेकरू सांभाळायच्या. त्या आठवड्यात कुणी कागद लावला नाही. लावणार तरी काय.

त्यानंतर दीड वर्षानं करुणासाठी राहुरीकडचं स्थळ आलं. मुलगा शाळेत शिपाई, वडील नसलेला, आई आणि मामा बरोबर आलेले. मी पोह्यांच्या बशा आणून ठेवल्या. मनात ठरवलं होतं, आधी त्यांचं खाणं होऊ द्यावं, ओळखपाळख व्हावी, मग मीच हळूच सांगेन. करुणानं बशी हातात घेतली सुद्धा नाही. पोह्यांतून वाफ निघत होती, तेव्हाच म्हणाली, "मला आधी एक सांगायचंय. मग खा."

सांगितलं तिनं. मामानं घास तसाच हातात धरला. मुलाच्या आईनं माझ्याकडे बघितलं. मी ह्या वेळी दुसरीकडे कुठं बघितलं नाही, त्या बाईच्याच डोळ्यांत बघितलं.

मुलानं बशी खाली ठेवली. मग त्यानं करुणाला विचारलं, "गोळी सकाळी घेता का रात्री?"

"रात्री. जेवल्यावर."

"बरं," म्हणाला, आणि पोहे खायला लागला.

पाहुणे गेले आणि मी चप्पल घालून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, सिस्टरना सांगायला. दारापाशी पोचल्यावर लक्षात आलं. त्या खोलीत आता नवीन बिऱ्हाड होतं. दोरीवर लहान लेकराची झबली वाळत होती, ओली, आणि आतून कुणीतरी विचारलं, "कोण पाहिजे?"

मी म्हटलं, कुणी नाही.